गावलं का

उणे वीस अंशांवर मेंदू कापताना
पात्याचा आवाज येत नाही.
चौदा मायक्रॉनचा काप सुटतो, कडेला गुंडाळू बघतो,
त्याला ब्रशच्या केसानं सरळ करावं लागतं.
मग काच जवळ न्यायची.
काचेला खोलीची ऊब असते,
तेवढ्यावर तो विरघळून चिकटतो.

मिरजेत, दवाखान्याच्या पाठीमागं,
जनरेटरच्या भिंतीला भिंत लावून आमची खोली.
वीज गेली की फ्रीजरकडे पहिली मी पळते.

नमुना एकशे सतरा. पुरुष, चौतीस.
आजाराची सुरुवात: एकोणिसाव्या वर्षी.
मृत्यूनंतर साडेनऊ तास.
एवढंच मला ठाऊक असायला हवं.
पण आमच्याकडे माणसं मोजकी,
काप घेणारी मी आणि फोन उचलणारीही मीच.
सावळजहून शालनताई विचारतात,
"आमच्या जालिंदरचं काय गावलं का?"
"अजून न्हाई, ताई."
त्यांच्याशी बोलताना माझी जीभ माहेरी जाते.

एकदा त्या स्वतःच आल्या, बेदाण्याचा बॉक्स घेऊन.
मुजावर मॅडमनी समजावलं:
वयात येताना मेंदू आपली आपणच छाटणी करतो,
नको ते जोड तोडतो.
काहींच्यात छाटणारा हात जड पडत असावा, असा संशय आहे.
आणि कारण एक नाही, ताई,
शेकडो जनुकं, प्रत्येकाचा भार चिमूटभर,
वर आयुष्याचा भार वेगळा.

शालनताई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या,
"म्हंजे घड जिरला म्हणा की.
एप्रिलात छाटलं की डोळ्यात घड धरतो, दिसत न्हाई कुणाला.
ऑक्टोबरात फूट येती, घड दिसतो,
आमी मोजून घेतो, व्यापाऱ्याला सांगून बसतो.
अन् चार दिस ढग हटला न्हाई,
तर त्याच घडाची बाळी हुती. नुसता दोरा.
वेल हिरवीगार असती, बाई. वेलीला काय झाल्यालं नसतं."

आयटीआयला होता तो, वायरमनच्या वर्गात.
मीटरमधून कुणी नाव घेतंय म्हणाला,
आणि घरातल्या सगळ्या तारा सोडवून
अंगणात वेटोळी करून ठेवली. नीट, मापात.

माझ्या वहीच्या कडेला तेव्हाचं पेन्सिलीचं अक्षर आहे:
घड जिरणे.
शोधनिबंधात ते कुठं बसलं नाही.

गेल्या मंगळवारचा फोन मात्र वेगळा होता.
"एक इचारू का? हसू नका.
तो बारा वर्षाचा असताना आईनं लाटणं मारलं हुतं डोक्यात.
दूध सांडलं म्हणून.
मरूस्तवर ती त्याच लाटण्यापाशी बसून ऱ्हायली.
त्याचा डाग दिसतो का तुमच्या मशिनीत?"

मी फाईल काढली. पहिल्याच पानावर,
टंकलेखकाच्या तिरप्या ओळीत:
जुन्या इजेची कोणतीही खूण आढळली नाही.
तीन वर्षं ते वाक्य तिथं होतं.
मी ते कितीदा उलटलं असेल.

"न्हाई ताई. डाग न्हाई."
पलीकडं कुणीतरी पंपाची मोटर बंद केली,
मग मला त्यांचा श्वास ऐकू आला.
"लिहून द्याल? शिक्क्यानिशी?
आईच्या फोटूमागं ठेवीन."

शिक्का नियमात बसतो का, ते मॅडमना विचारलंय.
तोवर फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक विचारलं,
घाईघाईनं, नसल्यासारखं:
"माझी पोरगी आता सतराची हाय."
हा प्रश्न होता. मी म्हटलं, शाळेत कशी आहे?
"हुशार हाय," त्या म्हणाल्या, "वेलीगत वाढतीया,"
आणि लगेच गप्प झाल्या.

आज एकशे सतराच्या शेजारी
अठ्ठ्याऐंशीचा काप एकाच काचेवर घ्यायचा आहे.
वय तेच, आजार नाही,
अंकलीच्या पुलावर मोटरसायकल घसरली होती.
त्याच्या घरून कधी कुणाचा फोन येत नाही.
दोन्ही काप ओले असताना
कुठला कुणाचा, ते फक्त काचेच्या कोपऱ्यातल्या
माझ्या पेन्सिलीला ठाऊक असतं.

बेदाणे आम्ही खोलीबाहेर, जिन्यात उभं राहून खाल्ले.
आत काही खायचं नाही, असा नियम आहे.